दिगूबाबांची पडवी

दिगूबाब सर्व्हरच्या खोलीत चपला घालून जात नाहीत. सकाळी आठला दाराबाहेर चपला काढायच्या, दारावर बोटाने दोनदा टकटक करायची, आत जायचं आणि कोपऱ्यात घरघरणाऱ्या त्या काळ्या पेटाऱ्याला विचारायचं, "काल कोण येवन गेलो रे?"

मग स्टुलावर बसून ते पडद्यावर काहीतरी वाचतात. बहुतेक दिवशी "बरां" एवढंच म्हणून उठतात. पण वर्षातून पाच-सहा वेळा ते खोलीतून असे काही बाहेर येतात की ओळखू येत नाहीत. त्या दिवशी मला न मागता चहा मिळतो आणि स्टोअरच्या स्लिपा ते एकही खाडाखोड न करता भरतात. सहा वर्षं मी हा प्रकार बघत होते आणि माणूस जरा हललेला आहे, यापलीकडे मी त्याचा काही विचार केलेला नव्हता.

मी गोव्यात तुयेच्या औद्योगिक वसाहतीत एका कारखान्याचं स्टोअर सांभाळते. आम्ही पंपांना लागणारे रबरी सील बनवतो. माझ्या सहीशिवाय तिथून एक वॉशर हलत नाही आणि त्याचा मला माज आहे असं लोक म्हणतात. आहेच. दिगूबाब, म्हणजे दिगंबर शेटगावकर, आमचे कॉम्प्युटरवाले. गाव कोरगाव. पंचावन्न ओलांडलेले, उंच, मानेत जरा वाकलेले, आणि शर्टाच्या खिशात पेनाच्या जागी रंगकामाचा बारीक ब्रश, धूळ झाडायला. कारखान्यात ते आले वायरमन म्हणून. पहिला कॉम्प्युटर आला तेव्हा त्याला हात लावायला कोणी तयार होईना, यांनी लावला, आणि तेव्हापासून ते त्यातच आहेत.

त्यांचं एक वाक्य ठरलेलं. कुठलीही वस्तू टाकायला काढा, ते आडवे येणार. "जीव आसा गो तेका." माझा स्टेपलर मी तीन वेळा कचऱ्यात टाकला आणि तिन्ही वेळा तो दुसऱ्या दिवशी तेल पिऊन माझ्या टेबलावर हजर. साहेबांची मोडकी खुर्ची त्यांनी अशी काही सांधली, की साहेब बदलून गेले, खुर्ची आहे. त्यांची छत्री तर बघवत नाही. तिच्यात मूळचं काय उरलंय म्हणून विचारलं, तर म्हणाले, "मूठ."

दुपारी साडेतीनला गेटवर पाव विकणाऱ्या पोदेराचा भोंगा वाजतो. दिगूबाब जाऊन तीन उंडे घेतात, वर्तमानपत्रात बांधून संध्याकाळी घरी नेतात. घरात माणसं दोन, ते आणि त्यांची बायको. मी एकदा छेडलं, "दिगूबाब, तिसरा कोणाला? वहिनींना दोन आणि तुम्हाला एक?"

"आसूंदे एक," म्हणाले आणि गाठ घट्ट केली.

आता मूळ भानगडीकडे येते. गेल्या वर्षी पुण्याच्या मुख्य कचेरीने नवं सॉफ्टवेअर आणलं. ते आमच्या म्हाताऱ्यावर, म्हणजे दिगूबाबांच्या सर्व्हरवर चालेना. बटण दाबून मी पाणी पिऊन यायची, तरी पडद्यावर चक्र फिरतंच. पुण्याहून निरोप आला, एक तर मशीन धावती करा, नाहीतर जुनी मशीन बंद करून टाका, तुमचं सगळं काम आम्ही इथल्या सर्व्हरवर घेतो. साहेबांनी मशीनच्या दुरुस्तीसाठी काही रक्कम मंजूर केली. तिच्यात नवा सर्व्हर सोडा, त्याचं खोकंही आलं नसतं.

मला वाटलं, बरं झालं, ब्याद टळली. दिगूबाबांचा चेहरा मात्र असा उतरला की विचारू नका. दोन दिवस चपला काढून खोलीत जात राहिले आणि "बरां"सुद्धा म्हणेनात. तिसऱ्या दिवशी स्टोअरच्या खिडकीत येऊन उभे.

"बाय, मशीन बदलूची गरज नाय. हाडां घट आसात. मेंदू तेवडो बदलूया."

"मेंदू?"

"पोसेसर. ह्या बोर्डार हेच्याच जातीचो, पण दांडगो असो एक बसता. मी वाचलंय."

पुढचे पंधरा दिवस त्यांनी नुसतं वाचन केलं. त्या बोर्डावर कुठले कुठले प्रोसेसर चालतात त्याची यादी त्यांनी हाताने उतरून काढली. जुन्या बोर्डाला नवा प्रोसेसर ओळखता यावा म्हणून त्याच्या आतला मूळ प्रोग्रॅम आधी नवा करावा लागतो, तोही त्यांनी एका शनिवारी जीव मुठीत धरून केला. "आदी वळख करून दिवची, मगे पावणो घरात घेवचो," असं मला समजावलं. मोठ्या कंपन्या चार-पाच वर्षांत चांगले सर्व्हर मोडीत काढतात आणि त्यांतले प्रोसेसर भंगाराच्या भावात मिळतात, हीही बातमी त्यांनीच काढली. म्हापशात जुन्या कॉम्प्युटरांचा धंदा करणारा एक माणूस त्यांना माहीत होता. बिलावर माझी सही लागणार, म्हणून शुक्रवारी मीही बसने त्यांच्याबरोबर गेले.

बाजारातून जाताना त्यांनी एका बाईच्या टोपलीतला बांगडा उचलून कल्ले बघितले, नाक मुरडून ठेवला. दुकानात पोचल्यावर प्रोसेसरही त्यांनी तसाच उचलला, कडेला धरून, उलटा करून, खिडकीच्या उजेडात खालचे सगळे ठिपके बघितले. एकूण चार बघितले. चौथा हातात धरून राहिले.

दुकानदार म्हणाला, "बाब, हो बेंगळुरूच्या व्हडल्या कंपनीतलो. सगळें आयुष्य एसींत गेलां ताचें."

"मगे आमच्याकडे घाम येतलो तेका," दिगूबाब म्हणाले. त्यांनी भाव पाडला, तो द्यायला तयार झाल्यावर आणखी पाडला, आणि वर पेस्टची एक नळी फुकट मागून घेतली. प्रोसेसर आणि त्याच्यावरचा थंड ठेवणारा पत्र्यांचा ठोकळा यांच्यामध्ये ही पेस्ट लावावी लागते. येताना प्रोसेसरची डबी त्यांनी पूर्णवेळ मांडीवर धरली होती. मला खिडकीची जागासुद्धा दिली नाही, वारा डबीला बरा म्हणे.

शनिवारी दुपारची पाळी सुटल्यावर मेंदू बदलायचं ठरलं. मी, दिगूबाब आणि आमचा इलेक्ट्रिशियन सोमा. साहेब दारात उभे. सोमाने मेन स्विचवर हात ठेवला तसे दिगूबाब म्हणाले, "रव. गारानां घालूक व्हया."

कोरगावच्या देवळात गाऱ्हाणं घालायचा मान त्यांच्या घराकडे आहे. साहेब नागपूरचे, त्यांना हे काही ठाऊक नाही. नारळ बघून ते घाबरले, म्हणाले, खोलीत पाणी सांडायचं नाही. म्हणून नारळ बाहेर पायरीवर ठेवला, आणि दिगूबाब हात जोडून, डोळे मिटून, देवळात लावतात तोच खणखणीत आवाज लावून सुरू झाले.

"बा देवा म्हाराजा…"

"व्हय म्हाराजा," मी आणि सोमा म्हणालो. हे तोंडातून आपोआपच येतं.

"आज तुझां लेकरू ह्या मशीनीचो मेंदू बदलता हा, तो नीट जाग्यार बसांदे रे म्हाराजा."

"व्हय म्हाराजा."

"आतल्या एकाय पिनीक धक्को लागा नये. लाइट जाव नये, आणि गेलीच तर युपीएस तरी रवांदे रे म्हाराजा."

"व्हय म्हाराजा." आता साहेबही म्हणाले.

"पुण्यावाल्यांची नदर लागा नये. आणि मेंदू बदललो तरी दार तांच रवांदे. वळखीचा माणूस दारात आयला, तर दारान तेका वळखांदे, मागारी धाडू नये रे म्हाराजा."

"व्हय म्हाराजा," आम्ही म्हणालो. कसलं दार, कसला माणूस, मी विचारलं नाही. गाऱ्हाण्यात माणसं काहीबाही मागतातच.

पेटारा उघडला. दिगूबाबांचा हात त्या कामात इतका हलका होता की बघत राहावं. जुना प्रोसेसर काढला, पुसला, कापसात गुंडाळून डबीत ठेवला. नवा अलगद बसवला. आणि मग पेस्टची नळी उघडण्याआधी खिशातून कागदाची पुडी काढली. पुडीत तांदळाचा एक दाणा.

"हे काय?"

"माप. कागदार लिवलां हा, पेस्ट तांदळाच्या दाण्याएवडी लावची. मापान केलेलां बरां."

दाणा शेजारी ठेवून त्यांनी बरोबर तेवढी पेस्ट लावली, ठोकळा बसवला, समोरासमोरच्या कोपऱ्यांचे स्क्रू आळीपाळीने आवळले. सोमाने स्विच दाबला. आतले सगळे पंखे एकदम इतक्या जोरात ओरडले की साहेब दोन पावलं मागे गेले. पडदा काळाच. पुन्हा बंद करून चालू केलं. पुन्हा तेच.

दिगूबाब स्टुलावर बसले. जुन्या प्रोसेसरची डबी त्यांनी मांडीवर घेतली. "मारलंय मी तेका," एवढंच म्हणाले. एका जुन्या मशीनसाठी एवढं? मला कळेना.

माझं लक्ष पुडीतल्या दाण्याकडे गेलं. लालसर, जाडा, टपोरा. मी उचलून बघितला.

"दिगूबाब, हा उकडा आहे."

"मगे? घरात तोच आसा."

"अहो, तो कागद लिहिणाऱ्याने उकडा तांदूळ जन्मात बघितलाय का? त्याचा दाणा बारीक असणार. तुम्ही दुप्पट लेपलीय."

साहेब हसायला लागले, पण दिगूबाबांनी आधीच स्क्रू काढायला घेतले होते. ठोकळा उचलला तर पेस्ट चारी बाजूंनी बाहेर आलेली, आणि एका कडेने खाली बैठकीतल्या पिनांपर्यंत ओघळलेली. आता पुसायला स्पिरिट हवं. सोमा म्हणाला, माझ्या गाडीत काजूची फेणी आहे.

"तेका सोरो पाजू नको," दिगूबाबांनी बजावलं.

प्रथमोपचाराच्या पेटीत इंजेक्शनआधी लावायच्या स्पिरिटची बाटली होती. ती पेटी माझ्या ताब्यात. एरवी मी स्लिपेशिवाय पट्टी देत नाही, पण त्या दिवशी बाटलीच आणून दिली. आपल्या त्या ब्रशाने, भिंग लावून, एकेक पीन त्यांनी तासभर पुसली. मग मी स्वयंपाकघरातून, म्हणजे कँटीनमधून, डोशाच्या तांदळाचा बारीक दाणा आणून त्यांच्यासमोर ठेवला. या वेळी स्विच दाबल्यावर पंखे ओरडले, मग गप्प झाले, आणि पडद्यावर अक्षरं धावायला लागली. साहेबांनी टाळ्या वाजवल्या. दिगूबाब मात्र पडद्यावर आणखी काहीतरी उघडून बघत होते. ते दिसल्यावर त्यांनी श्वास सोडला.

"दार आसा," म्हणाले.

सोमवारपासून नवं सॉफ्टवेअर असं पळायला लागलं की पाणी प्यायला जायची माझी सवय मोडली. पुण्याने अभिनंदन कळवलं, आणि पाठोपाठ एक फर्मान. मशीन वापरणाऱ्या सगळ्यांची यादी पाठवा, नाव, खातं आणि वापर कशासाठी. यादी करायचं काम साहेबांनी माझ्यावर टाकलं. मशीनमध्ये नावं निघाली तेवीस. कारखान्यात कॉम्प्युटरवर बसणारी माणसं बावीस. मी तीनदा पडताळलं.

"दिगूबाब, हा अनंत कोण?"

त्यांनी चष्मा काढला आणि शर्टाने पुसत राहिले.

"माझो झील."

त्यांचा मुलगा तिकडे इंग्लंडात आहे, हे मला उडत उडत माहीत होतं. मी नोकरीला लागायच्या आधी तो आमच्याच कारखान्यात सहा महिने शिकाऊ होता, हे माहीत नव्हतं.

"ह्या मशीनीक भायरसून दार तेनाच करून दिल्यान," दिगूबाब सांगायला लागले. "घरात बसान काम करूक मिळात म्हणान. मगे इंग्लंडाक जावक तेका पोर्तुगालच्या पासपोर्टाचा याड लागला. बाय, माझो बापूस पोर्तुगीजांच्या तुरुंगात नव म्हयने हुतो. पाठीर वळ घेवन घरी आयल्लो. आणि ह्यो, त्याच आज्याच्या जल्माचो दाखलो दाखवन त्यांचो झालो. माझा टकलां फिरला. मी म्हटलंय, परत ह्या दारात पाय ठेवू नको." ते थांबले. "झील माझोच. सात वर्सां ठेवल्यान नाय."

"फोन?"

"करता. आयतवारी. आवशीक." पुन्हा चष्मा पुसला. "तो गेल्यार तीन म्हयन्यांनी एका सकाळी हय बघलंय, तर तेचा नाव. कोण आयला, कधी आयला, कितके वेळ हुता, ह्या मशीन लिवन ठेवता. चार मिनटां आयल्लो. काय केल्यान नाय. नुसतो येवन गेलो. खाता बंद करूक व्हया हुता, नेम तसो आसा. मी केलंय नाय. आतली सगळी दारां तेका बंद केलंय, कारखान्याचा काय एक दिसाचा नाय तेका. पडवीर येवचा, बसूचा आणि जावचा. चवथीक येता, आवशीच्या वाडदिसाक येता. कधी चार मिनटां, कधी सात."

"आणि तुम्ही सात वर्षं रोज…"

"घराचा दार मी बंद केलंय, बाय. ह्या तेवडा उघडा आसा."

मला रडू आलं. मी रागीट बाई आहे, मला चटकन रडू येत नाही, पण आलं. बाहेर येऊन यादी पूर्ण केली. तेविसावं नाव लिहिलं, अनंत. 'वापर कशासाठी' या रकान्यात काय लिहावं याचा बराच विचार केला आणि शेवटी लिहिलं, 'भेट'. पुण्याने काही विचारलं नाही. माझ्या नोकरीत मी सही केलेला हा एकमेव कागद, ज्याबद्दल विचारलं असतं तर मला समजावून सांगता आलं नसतं.

पण मेंदू बदलल्यापासून अनंत आला नाही. एक महिना गेला, दोन गेले. दिगूबाब दारावर टकटक करायचे, विचारायचे, वाचायचे, "बरां." आईच्या वाढदिवसालाही नाव उमटलं नाही. दाराने मुलाला ओळखलं नसेल, या धसक्याने त्यांनी सोमाच्या मोबाइलवरून, पेडण्याच्या सायबर कॅफेतून, सगळीकडून ते दार उघडून बघितलं. उघडत होतं.

"तुम्ही काहीतरी लिहा त्याला," मी म्हणाले.

"काय लिवू? सात वर्सां विचार करतंय."

"आत शिरल्याबरोबर सगळ्यांना एक ओळ दिसते ना, परवानगीशिवाय वापरू नये वगैरे? तिथे लिहा."

ते छत्री उचलून घरी निघाले. पण दुसऱ्या दिवशी सकाळी मशीन उघडली तर बावीसच्या बावीस जणांना ती नवी ओळ दिसली. 'पोसेसर बदललो. दार तांच आसा.' सोमाने विचारलं, कुठलं दार, त्याचं कुलूप बघायचंय का? साहेबांना वाटलं ही सुरक्षेची सूचना आहे, त्यांनी कौतुक केलं. मी आपली मान खाली घालून स्लिपा फाडत राहिले.

चवथ आली. कारखाना दोन दिवस बंद, मशीन मात्र चालू. आमचा गणपती दीड दिवसाचा, त्यांचा पाच. सुट्टीआधी दिगूबाब खिडकीत आले आणि खोलीची चावी माझ्यासमोर ठेवली. "तू आदी येतलंय. बघ हां," एवढंच म्हणाले. चावी दिल्याची मी त्यांच्याकडून सही मागितली नाही, यावरून काय ते समजा.

तिसऱ्या दिवशी आठला मी त्या खोलीशी गेले. चपला काढल्या. आजूबाजूला कोणी नाही हे बघून दारावर दोनदा टकटकसुद्धा केलं. आत जाऊन स्टुलावर बसले आणि त्यांनी कागदावर लिहून दिल्याप्रमाणे ती यादी उघडली. एकच नाव होतं. मी वेळा दोनदा वाचल्या, मग कोरगावला फोन लावला. मागे झांजा वाजत होत्या, पोरं ओरडत होती.

"दिगूबाब, आलेला."

झांजांपासून लांब जाताना त्यांच्या पावलांचा आवाज आला.

"कधी?"

"चवथीच्या दिवशी. दुपारी बारा चाळीसला आला, एक वीसला गेला."

"कितके झाले?"

"चाळीस मिनिटं."

पलीकडे त्यांनी 'बारा चाळीस, एक वीस' असं एकदा पुटपुटून बघितलं.

"तेवाच आमी हय पानां वाडली," दिगूबाब म्हणाले. "मगे जेवान गेलो तो."